एक लुगडं पेटीत, एक चुलीपाशी

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा लुगडं नेसणारीला ते कुणाच्या मागावर विणलं हे ठाऊक असायचं, आणि घरात नवं लुगडं आलं की शेजारणी ते बोटांत धरून बघायला यायच्या. त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाचं नाव मला माहीत आहे, पण सांगणार नाही. ज्याला त्याला ते आपलंच वाटू द्या.

त्या गावात कापड म्हातारं व्हायचं, पण मरायचं नाही. लुगडं आधी सणाला नेसायचं, मग रोज. मधेच विरलं की तेवढं कापून टोकं जोडायची, दांड घालायचा, की आणखी काही वर्षं निघाली. तेही संपलं की लेकीचा परकर. परकर आखूड झाला की बाळाचं दुपटं. आणि बाळ रांगायला लागलं, की दुपट्याची फडकी. ताट पुसायचं वेगळं, दिवा पुसायचं वेगळं, चुलीवरून भांडं उतरवायचं जाड वेगळं, आणि सगळ्यांत शेवटी जमीन सारवायचं पोतेरं. पोतेऱ्याच्याही चिंध्या झाल्या, की त्या मातीत कालवून भिंत लिंपायची. म्हणजे मुलांनो, त्या गावातली माणसं आपल्या आज्यापणज्यांच्या लुगड्यांना पाठ टेकून बसायची. आता तसं कोण बसतं?

या गावात एक बाई होती. तिला दोन मुली. बाईचं घर बेताचं, पण हात मोठा हौशी. दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी पडली, की ती ओट्यावर सुई घेऊन बसायची. जुनेरं पुढ्यात ओढायची आणि त्याच्याशी बोलायची. "चल बाई, पुष्कळ मिरवलीस. आता तुझी बदली चुलीपाशी." मुली खिदळायच्या. मग ती चार पदर एकावर एक ठेवून, कडेनं दुमडून, बारीक धावदोरा घालायची. काठ कधी टाकायची नाही. काठ चिवट असतो म्हणून त्याची गुंडाळी शिवून भांडी घासायची घासणी करायची, नाहीतर फडकं खुंटीला अडकवायला त्याचा फास लावायची. नवं फडकं पूर्ण झालं की ते उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघायची, आणि एखाद्या राणीनं हार बघावा तशी खूश व्हायची.

"आई, नुसतं पुसायचं तर आहे. एवढे बारीक टाके कशाला?" थोरली विचारायची.

"अगं, कापड विटलं म्हणजे संपलं थोडंच? त्याला दुसरं काम सांगायचं. आणि काम सांगायचं तर त्याला नीट नटवून सांगावं," आई म्हणायची.

त्या गावाची आणखी एक रीत होती, ती ध्यानात ठेवा. मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळ, तांदूळ तर घालायचेच, पण एक फडकंही द्यायचं. त्याला पाठवणीचं फडकं म्हणत. त्यात मुलीच्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या लुगड्याचा तुकडा शिवलेला असायचा. मुलीनं सासरी गेल्यावर पहिल्यांदा त्या फडक्यानं चूल पुसायची, मग तिथं आपली दुधाची तपेली ठेवायची. आणि तुकडा शिवताना आईनं मुलीला आजीची एक गोष्ट सांगायची. खरी घडलेली. गोष्टीशिवाय तुकडा शिवायचा नाही, असा दंडकच होता.

मुली मोठ्या झाल्या, गावातच दोन घरी दिल्या. थोरलीचं सासर वरच्या आळीला, धाकटीचं नदीच्या बाजूला. आणि काही वर्षांनी आई गेली. तिच्या मागं उरली तिची दोन लुगडी. दोन्ही एकाच मागावरची, निळी, कुंकवाच्या रंगाच्या काठाची. आईनं ती जोडीनं घेतली होती आणि आयुष्यभर आलटून पालटून नेसली होती. एक चांगलं होतं. दुसऱ्याच्या पदराला हळदीच्या रंगाचं मोठं ठिगळ होतं.

थोरलीनं चांगलं उचललं. "ठिगळाचं तू घे. मी थोरली आहे," ती म्हणाली. धाकटीनं ठिगळाचं काखेत घेतलं.

थोरलीनं आपलं लुगडं घडी करून लाकडी पेटीत ठेवलं. वर वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घातला, कुलूप लावलं, पेटीवर हळदीकुंकू वाहिलं. धाकटीनं आपलं लुगडं वर्षभर नेसलं. ते कमरेपाशी विरलं तेव्हा एके दुपारी ते ओट्यावर पसरलं, डोळे पुसले, आणि कात्री घेतली.

नेमकी त्याच वेळी थोरली भाजी द्यायला आली. उंबऱ्यातच थबकली.

"काय करतेस हे? आईच्या लुगड्याला कात्री?"

"फडकी शिवतेय, अक्का. घरात एकही धड नाही."

"फडकी! म्हणजे उद्या आईच्या पदरानं खरकटं पुसणार, आणि परवा त्याचं पोतेरं करणार? लोक तोंडात शेण घालतील!"

धाकटीच्या हातातली कात्री थांबली. पण ती मान खाली घालणारी नव्हती. "अक्का, आई जन्मभर काय करत होती? घरच पुसत होती ना? तिला पेटीत बसलेली तू कधी पाहिलीस?"

झालं! थोरलीनं भाजी तिथंच टाकली. "आज आई दुसऱ्यांदा गेली," असं म्हणाली आणि तरातरा निघाली. पुन्हा या घराचा उंबरा चढणार नाही, अशी शपथ तिनं वाटेत भेटलेल्या तीन बायकांना ऐकवली. शपथ एकटीनं घेतली तर मोडता येते हो. लोकांना ऐकवली की मग जड होते.

गावानं थोरलीची बाजू घेतली. गाव नेहमी कुलपाची बाजू घेतं. कुणी पाहुणा आला की त्याला थोरलीच्या घरी नेत, आणि तीही पेटीकडे बोट दाखवून सांगे, "आईचं लुगडं. जसंच्या तसं." लोक पेटीला नमस्कार करत. "लेक असावी तर अशी," असं म्हणत आणि गुळाचा खडा खाऊन जात. पेटी उघडून दाखव, असं म्हणायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. थोरलीलाही ती उघडावीशी वाटली नाही. हवा लागली तर रंग उडेल, आईचा वास जाईल, अशी तिला भीती होती. पाला एकदाच घातला तो घातला. बदलायचा तर कुलूप काढावं लागलं असतं.

आता पेटीच्या आत काय चाललं होतं, ते मला कसं कळलं ते विचारू नका. पण त्या पेटीत कसरीच्या किड्यांचं एक कुटुंब राहायला आलं होतं. आधी ते धाकटीच्या घरी गेलं होतं. कसरीची म्हातारी आपल्या पोरांना सांगत होती, "बाबांनो, त्या नदीकाठच्या घरी आपलं नाही जमणार. तिथं एका कापडाला स्वस्थ बसू देत नाहीत. आज दगडावर आपटतात, उद्या उन्हात टाकतात, परवा राखेत बुडवतात. दातसुद्धा टेकवता येत नाही. इथं बघा कसं शांत आहे. वरून हळदीकुंकू पडतं, आणि उठा म्हणायला कुणी येत नाही."

"आणि आजी, खायला?" एका पोरानं विचारलं.

"हे काय, निळं निळं मांडून ठेवलंय की. खा सावकाश."

वर्षं गेली. थोरलीची मुलगी लग्नाची झाली. स्थळ चांगलं मिळालं, मांडव पडला, गावजेवणाचं ठरलं. पाठवणीला थोडे दिवस उरले तेव्हा थोरली नटूनथटून पेटीपुढं बसली. मुलगी शेजारी, आळीतल्या बायका भोवती. कुलूप गंजलं होतं, ते तेल घालून काढलं. झाकण उघडलं.

वरची घडी निळी दिसली. थोरलीनं ती दोन्ही हातांनी प्रेमानं उचलली, आणि लुगडं हातात आलंच नाही. बोटांत नुसता भुगा आला. खाली जाळी, तिच्याखाली भोकं, आणि काठाच्या जागी लाल कचरा. चार बोटं धड कापड त्यात नव्हतं. आईचा वास म्हणाल, तर पेटीला फक्त जुन्या पेटीचा वास येत होता.

आळीतल्या बायका हळूहळू उठल्या. कुणाला घरी दूध आठवलं, कुणाला म्हैस. थोरली भुग्यात हात घालून बसून राहिली. एवढी वर्षं जे राखलं असं वाटत होतं, ते कधीच गेलं होतं. आणि आता मुलगी आजीच्या तुकड्याशिवाय सासरी जाणार होती. त्या गावात आजवर एकही मुलगी तशी गेली नव्हती. पहिली जाणार ती पेटीवालीचीच.

मग थोरलीनं एक गोष्ट केली. कुणालाही सुचेल तीच. शेजारणीकडून एक जुनं निळं कापड आणलं, त्याचा तुकडा कापला आणि मुलीला जवळ बोलावलं. कुणाला कळणार होतं? निळं ते निळं. तिनं सुईत दोरा ओवला. रीतीप्रमाणे म्हणाली, "हे तुझ्या आजीचं लुगडं. हे नेसून ती... ती एकदा..."

पुढं शब्द येईना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. आईच्या शंभर गोष्टी तिला येत होत्या, पण या परक्या कापडापुढं एकही ओठांवर येईना. सुई तशीच हातात राहिली.

मुलीनं आईच्या हातून तो तुकडा हळूच काढून घेतला. "आई, मावशीकडे असेल."

"तिच्याकडे काय असणार? पोतेरी!"

"असू दे. आजीचं पोतेरं असेल ना? मला तेच दे."

थोरलीला त्या रात्री झोप लागली नाही, एवढंच सांगतो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालं होतं, कुणी बघणार नाही अशा वेळी ती नदीच्या वाटेला लागली. धाकटीचं घर दिसलं. ओट्यावर उन्हात फडक्यांची रांग वाळत होती. त्यात तिला कुठं निळं दिसेना. कुणी लाल, कुणी हिरवं, कुणी तर कुठलं होतं तेही न कळण्याइतकं जुनं. इतक्या वर्षांत इथलंही संपलं असणार. वापरलं की संपतंच.

ती उंबऱ्याशी पोचली आणि शपथ आडवी आली. पाय उचलेना. तेवढ्यात आतून एका लहान मुलीची हाक ऐकू आली.

"आई, आजी कुठाय? लवकर दे, दूध उतू चाललंय!"

"खुंटीला बघ गं. आजी जागेवरच आहे."

थोरलीनं कान दिले. या घरात आजी? धाकटीची सासू तर केव्हाच गेली होती. तिनं आत डोकावलं. धाकटीची सर्वांत लहान पोर टाचा उंचावून चुलीजवळच्या खुंटीवरून काहीतरी काढत होती. एक जाड, काळपट, चौकोनी फडकं. खुंटीत अडकवायला त्याला फास होता, आणि तो फास होता कुंकवाच्या रंगाच्या काठाचा.

पोरीनं त्या फडक्यानं तपेली धरली आणि अलगद खाली ठेवली. "आजी, वाचवलंस गं," असं ती फडक्याला म्हणाली आणि ते परत खुंटीला लावलं.

थोरली उंबऱ्यातच मटकन खाली बसली. शपथ कुठल्या कुठं गेली. ती हुंदके देऊन रडू लागली, तेव्हा धाकटी धावत बाहेर आली.

"अक्का! काय झालं?"

"ती... आजी म्हणाली त्याला."

"हो अगं. पोरं लहान होती तेव्हा सारखी विचारायची, हे फडकं कुणाचं, ते कुणाचं. मी सांगायची, हे आजीचं. असं म्हणता म्हणता त्याची आजीच झाली. भाकरी करताना आजी, दूध तापवताना आजी. हिनं तर आईला बघितलंसुद्धा नाही, पण दिवसातून दहा वेळा हाक मारते."

मग थोरलीनं सगळं सांगितलं. पेटी, भुगा, शेजारणीचं कापड, आणि तोंडातून न निघालेला शब्द. काहीही झाकलं नाही. शेवटी म्हणाली, "एवढासा तुकडा दे. तुझ्याकडे मागायचं तोंड मला नाही, पण पोरीसाठी दे."

धाकटी उठली. तिनं खुंटीवरचं फडकं काढून आणलं आणि मांडीवर घेतलं. "अक्का, बाकीची सगळी झिजली. ताटपुसणी गेली, दिव्याचं गेलं, पोतेरं तर मागच्या दिवाळीला भिंतीत लिंपलं. आईचं असं एवढंच उरलंय."

लहान पोरीला काय चाललंय ते उमगलं. ती आईच्या हाताला बिलगली. "आजी नाही द्यायची! मग दूध कोण उतरवणार?"

"द्यायची नाही गं, वाटायची," धाकटी म्हणाली, आणि तिनं सुईच्या टोकानं कडेचा टाका उसवला.

वरचा पदर धुरानं काळा झाला होता. त्याच्याखालचा तपकिरी. तिसरा उघडा पडला, आणि दोघी बहिणी बघत राहिल्या. आतलं कापड निळं होतं. आई नदीवरून पाण्याची घागर घेऊन यायची, तेव्हा दुरून दिसायचं तसंच निळं. इतक्या वर्षांच्या जाळाची झळ वरच्या पदरांनी सोसली होती आणि आतला जपला होता. त्याच्या मधोमध हळदीच्या रंगाचं ते ठिगळ होतं, आणि ठिगळाभोवती आईचे बारीक टाके.

थोरलीनं टाक्यांवरून बोट फिरवलं. हेच ठिगळ नको म्हणून तिनं दुसरं लुगडं उचललं होतं.

"हे फाटलं कसं, ते आठवतं का तुला?" धाकटीनं विचारलं.

"नाही."

"तूच फाडलंस. मी तेव्हा नव्हते, आईनं सांगितलंय. तू एवढीशी होतीस. नदी चढली होती आणि आईला तुला घेऊन पलीकडे जायचं होतं. मधे पाण्याला ओढ लागली. तू आईचा पदर दोन्ही मुठींनी असा धरलास, की काठावर पोचेपर्यंत तो टराटरा फाटला. आपली आजी ओरडली, नवंकोरं लुगडं वाया गेलं म्हणून. आई म्हणाली, जाऊ दे. लुगडं फाटलं, पण पोरीनं धरलेलं सोडलं नाही."

थोरलीनं धाकटीचा हात धरला. दोन्ही मुठींनी.

त्या दुपारी नदीकाठच्या ओट्यावर दोघी बहिणी मांडीला मांडी लावून शिवायला बसल्या. मुलीला तिथंच बोलावून घेतलं. पाठवणीच्या फडक्यात ठिगळासकट निळा तुकडा बसला, आणि शिवता शिवता थोरलीनं नदीची गोष्ट सांगितली. या वेळी ती एकदाही अडली नाही. अधूनमधून नाक पुसावं लागलं, तेवढंच.

मग उरलेल्या आजीला पुन्हा शिवायचं होतं. चार पदरांतला एक कमी झाला होता. धाकटी घरात कापड शोधायला उठली, तोवर थोरलीनं कात्री उचलली होती. अंगावरच्या लुगड्याचा पदर पुढं घेतला, आणि जिनं आयुष्यात आपल्या लुगड्याला कधी कात्री लावली नव्हती तिनं वीतभर कापड कचकन कापलं. "हे वरून लाव," ती म्हणाली. "झळ आता मला लागू दे."

लहान पोरीनं शिवून झालेलं फडकं हातात घेतलं, उलटंसुलटं बघितलं, वास घेतला. "आजीच आहे," तिनं निकाल दिला आणि खुंटीला लावलं.

मुलगी सासरी गेली. आजीच्या तुकड्यानं तिनं चूल पुसली, दूध तापवलं, आणि सासूनं विचारलं तेव्हा नदीची गोष्ट सांगितली. थोरलीच्या घरी ती पेटी बरेच दिवस उघडीच पडली होती. मग तिच्यात एक कोंबडी अंडी घालू लागली. पाहुणे पेटीला नमस्कार करायला आले की कोंबडी अंगावर धावून यायची, त्यामुळं तेही बंद झालं. कसरीचं कुटुंब दुसरं कुलूप शोधत निघून गेलं. त्यांना घर मिळालं असणार. कुलपं काय, गावोगाव आहेत.

आणि रोज दुपारी, भांडी पालथी पडली की, थोरली जुनेरं काखेत मारून नदीच्या वाटेला लागायची. ओट्यावर दोघींचं शिवण चालायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू यायचं, "चल बाई, पुष्कळ मिरवलीस. आता तुझी बदली चुलीपाशी." आवाज दोघींचा असायचा, पण वयस्कर माणसं थबकायची. त्यांना तिसराच कुणाचा तरी आवाज ऐकल्यासारखं वाटायचं.

तात्पर्य: माणसाची आठवण कुलपात ठेवली तर तिचा भुगा होतो, आणि रोजच्या कामात ठेवली तर ती हाकेला ओ देते.